शितावरून भाताचा भाव

२००५ सालचा एप्रिल. सिअ‍ॅटल सुपरसॉनिक्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज, एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या प्लेऑफची, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद सामन्यांची, पहिली फेरी. सिअ‍ॅटलचा सेंटर जेरोम जेम्स, सात फूट उंचीचा, तोवर फार कुणाच्या लक्षात राहावा असा खेळाडू नव्हता. त्या हंगामात सामन्यामागे त्याचे जेमतेम पाच गुण आणि तीन रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू). पण सॅक्रामेंटोविरुद्ध गडी अचानक पेटला. सिअ‍ॅटलने ती मालिका ४-१ अशी जिंकली, पुढच्या फेरीत सॅन अँटोनियोकडून हार झाली, आणि एकूण ११ प्लेऑफ सामन्यांत जेम्सची सरासरी निघाली १२.५ गुण आणि ६.८ रिबाउंड. त्याच उन्हाळ्यात त्याचा करार संपत होता. न्यू यॉर्क निक्सचा कारभार तेव्हा इसाया थॉमस पाहत होते. त्यांनी जेम्सला ५ वर्षांसाठी सुमारे ३ कोटी डॉलर देऊ केले. पुढे न्यू यॉर्कसाठी तो चार हंगामांत मिळून खेळला फक्त ९० सामने, आणि तेही बहुतेक वेळा थोड्याच मिनिटांपुरते.

एनबीएत प्लेऑफच्या भरात दिलेल्या फसव्या करारांची गोष्ट निघाली की जेम्सचं नाव पहिलं येतं. लोक हसतात आणि निष्कर्ष काढून मोकळे होतात : बघा, ८० सामन्यांचा पुरावा बाजूला ठेवून ११ सामन्यांवर पैसे लावले की असं होतं. मला हा निष्कर्ष अर्धाच पटतो. थॉमस यांनी प्लेऑफकडे पाहिलं ही चूक नव्हती. प्लेऑफमध्ये काय पाहायचं, हे त्यांना कळलं नाही.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ही परीक्षा खरी ठरते, कारण पातेल्यातला सगळा तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. एक शीत दाबलं की बाकीच्यांचा अंदाज येतो. पण शीत एका घरच्या पातेल्यातलं दाबायचं आणि भात दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्या चुलीवर शिजवायचा, असा हिशेब केला तर? जेम्सच्या बाबतीत नेमकं हेच झालं. सॅक्रामेंटोने क्रिस वेबरला त्याच फेब्रुवारीत फिलाडेल्फियाला देऊन टाकलं होतं, आणि बास्केटखाली जेम्सला अडवेल असं दांडगं माणूस त्यांच्याकडे उरलं नव्हतं. प्रतिस्पर्ध्याचं सगळं लक्ष सिअ‍ॅटलचे तारे रे अ‍ॅलन आणि रशार्ड लुइसवर, म्हणून जेम्सला मोकळीक. न्यू यॉर्कला जाताना यातलं काहीच त्याच्याबरोबर जाणार नव्हतं. जाणार होता फक्त जेरोम जेम्स.

आता दुसरी बाजू. नियमित हंगाम ८२ सामन्यांचा असतो. आज बॉस्टन, उद्या शार्लट, परवा विमानात. प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करायला फुरसत कुणाला असते? प्लेऑफमध्ये एकाच संघाशी सलग सात सामन्यांपर्यंत गाठ पडते. पहिल्या सामन्यात झाकलेली दुबळी बाजू तिसऱ्या सामन्यापर्यंत उघडी पडते. बचावात कच्चा असलेला माणूस हेरायचा, पिक-अँड-रोल करून (साथीदाराला आडभिंत बनवून बचावपटू बदलायला लावून) प्रत्येक वेळी त्यालाच समोर ओढायचा आणि तो बाकावर जाईपर्यंत त्याच्यावरच हल्ले करायचे, अशी ती सरळ शिकार असते. हंगामात दहा जण खेळवणारा प्रशिक्षक मे महिन्यात सात-आठांवर येतो. त्यामुळे प्लेऑफ म्हणजे त्याच परीक्षेची आणखी थोडी पानं नव्हेत. इथला पेपरच वेगळा असतो, आणि विजेतेपदासाठी पैसे मोजणाऱ्या संघाला याच पेपरचे गुण हवे असतात. ‘नमुना लहान आहे, दुर्लक्ष करा’ असं म्हणणारे आकडेबाज हे विसरतात.

२०२३ मध्ये वेस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या पश्चिमेकडच्या गटाच्या, अंतिम फेरीत लॉस एंजेलिस लेकर्सचा डी’अँजेलो रसेल डेन्वरसमोर असाच सापडला. त्या मालिकेत सामन्यामागे त्याचे ६.३ गुण झाले आणि चौथ्या सामन्यात त्याला सुरुवातीच्या पाचांतून वगळलं. त्या वर्षी त्याचा पगार ३ कोटी डॉलरच्या वर होता. उन्हाळ्यात लेकर्सशीच नवा करार झाला तो दोन वर्षांचे मिळून ३ कोटी ७० लाखांच्या घरातला. म्हणजे वर्षाची कमाई जवळपास निम्म्यावर आली. मला हा भाव क्रूर वाटत नाही. बचावातल्या उणिवेची किंमत पहिल्यांदा पुरती दिसली होती.

त्याआधी दोन वर्षं, लेकर्सच्याच डेनिस श्रोडरची गोष्ट मात्र मला तितकी सरळ वाटत नाही. त्याने ८ कोटी ४० लाख डॉलरची मुदतवाढ नाकारल्याच्या बातम्या होत्या. मग २०२१ च्या पहिल्या फेरीत फीनिक्सविरुद्ध पाचव्या सामन्यात नऊ फटके मारून त्याला एकही गुण मिळाला नाही, लेकर्स बाहेर पडले, आणि उन्हाळ्यात तो बॉस्टनकडे गेला एका वर्षासाठी, ५९ लाखांवर. ८ कोटी ४० लाख आणि ५९ लाख हे दोन आकडे शेजारी ठेवून त्याची यथेच्छ टिंगल झाली. पण तो एक शून्य एवढा महाग पडला, हे मी मानत नाही. त्या उन्हाळ्यात ज्यांच्याकडे जागा आणि पैसा होता, त्यांनी आपापले पॉइंट गार्ड (मैदानात खेळ चालवणारे खेळाडू) आधीच घेऊन टाकले होते. श्रोडर बाजारात पोचला तेव्हा दुकानं बंद व्हायला आली होती. त्या शून्याने त्याची घासाघीस करण्याची ताकद गेली असेल, पण भाव पाडला तो रिकाम्या बाजाराने.

आणि माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. प्लेऑफमधल्या कामगिरीचं मोल ठरवताना कामगिरीपेक्षा तिची वेळ जास्त बोलते, आणि वेळ खेळाडूच्या हातात नसते.

याचं सर्वात स्वच्छ उदाहरण म्हणजे २०२३ चं मायामी. आठव्या मानांकनावरून आत आलेला हा संघ मिलवॉकी, न्यू यॉर्क आणि बॉस्टनला हरवून थेट अंतिम फेरीत गेला. आपल्याकडे ते सामने पहाटे सहाच्या सुमाराला लागायचे. रोज वाटायचं, आज संपलं यांचं, आणि चहा थंड होईपर्यंत हे पुन्हा पुढे. त्या संघातले गेब व्हिन्सेंट, मॅक्स स्ट्रूस आणि केलेब मार्टिन तिघेही असे, की ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कुणी निवडलंच नव्हतं. तिघांतला सर्वात तेजस्वी होता मार्टिन. बॉस्टनविरुद्धच्या मालिकेत त्याचे तीन गुणांचे जवळपास निम्मे फटके आत गेले, आणि मालिकावीराच्या मतदानात जिमी बटलरला ५ मतं पडली, तर मार्टिनला ४. एका मताने हुकलं.

पण व्हिन्सेंट आणि स्ट्रूसचे करार त्याच जूनमध्ये संपत होते, मार्टिनचा नाही. व्हिन्सेंटला लेकर्सने तीन वर्षांचे ३ कोटी ३० लाख दिले. स्ट्रूसला क्लीव्हलंडने चार वर्षांचे ६ कोटी ३० लाखांच्या आसपास. (हा स्ट्रूस अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात दहापैकी दहा फटके चुकला होता. तरी भाव पडला नाही, कारण क्लीव्हलंडने त्याचा नेम दोन हंगाम पाहिला होता. असे शहाणे ग्राहकही असतात.) मार्टिन मोकळा झाला २०२४ मध्ये. तोवर मायामी पहिल्याच फेरीत गारद झाली होती आणि बॉस्टनविरुद्धचे ते दोन आठवडे लोक विसरले होते. मायामीने पाच वर्षांचे साडेसहा कोटी देऊ केल्याच्या आणि त्याने ते न घेतल्याच्या बातम्या आल्या. अखेर फिलाडेल्फियाशी चार वर्षांचा साडेतीन कोटींच्या आसपासचा करार झाला. वर्षाला नव्वद लाखांच्या आतबाहेर. त्याच मोहिमेत त्याच्यापेक्षा कमी चमकलेल्या व्हिन्सेंटला वर्षाला एक कोटी दहा लाख मिळाले होते. व्हिन्सेंट मात्र गुडघ्याच्या दुखण्यामुळे लेकर्ससाठी पहिल्या हंगामात फक्त ११ सामने खेळला.

म्हणजे ज्याने सर्वात जास्त केलं त्याला कमी मिळालं, आणि ज्याला मिळालं तो खेळूच शकला नाही. याला गुणवत्तेचा बाजार म्हणायचं की तारखांचा?

तारखांइतकंच मोठं दुसरं प्रकरण म्हणजे तिजोरीतली जागा. एनबीएत प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०१६ च्या उन्हाळ्यात दूरचित्रवाणीच्या नव्या कराराचा पैसा आला आणि ही मर्यादा एका फटक्यात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली. जवळजवळ सगळ्यांच्याच खिशात पैसे खुळखुळत होते आणि घेण्यासारखे खेळाडू मोजके. अशा वेळी टोरांटोचा बिस्माक बियोम्बो क्लीव्हलंडविरुद्ध एका सामन्यात २६ रिबाउंड घेऊन बसला. योनास वालान्चुनास जखमी होता म्हणून त्याला ती संधी मिळाली होती. हंगामात सामन्यामागे साडेपाच गुण आणि आठ रिबाउंड करणाऱ्या बियोम्बोला ऑरलँडोने चार वर्षांचे ७ कोटी २० लाख दिले, आणि दोन वर्षांत त्याला दुसरीकडे धाडलं. त्याच उन्हाळ्यात लेकर्सने क्लीव्हलंडच्या टिमोफे मोझगॉव्हला चार वर्षांचे ६ कोटी ४० लाख दिले. क्लीव्हलंड तेव्हा विजेता होता खरा, पण मोझगॉव्ह त्या अंतिम फेरीत फारसा खेळलाच नव्हता. त्याची २८ गुणांची चमक आधीच्या वर्षीच्या अंतिम फेरीतली. वर्षभरात लेकर्सना तो करार गळ्यात अडकलेल्या हाडकासारखा झाला. तो ब्रुकलिनच्या माथी मारताना सोबत एक तरुण, गुणी खेळाडूही द्यावा लागला. कोण? वर ज्याची गोष्ट सांगितली तोच डी’अँजेलो रसेल.

२६ रिबाउंडची ठिणगी दरवर्षी कुठे ना कुठे पडतच असते. २०१६ मध्ये खाली वाळलेलं गवत होतं, एवढाच फरक.

जागेचा खेळ उलटाही चालतो. ब्रूस ब्राउन २०२३ मध्ये डेन्वरबरोबर विजेता झाला. बाकावरून येऊन त्याने जे केलं त्यात दिखाऊ काही नव्हतं : बचाव, धाव, वेळेवर कट. डेन्वरला तो हवा होता, त्यालाही राहायचं होतं. पण एनबीएत स्वतःच्या खेळाडूला मर्यादा ओलांडून पैसे देण्याची मुभा, जिला लॅरी बर्डच्या नावावरून बर्ड हक्क म्हणतात, पूर्णपणे मिळते ती तीन हंगामांच्या सहवासानंतर. ब्राउनचा एकच हंगाम झाला होता. डेन्वरच्या हातात होते वर्षाला ७८ लाखांच्या आसपास. इंडियानाने दोन वर्षांचे साडेचार कोटी पुढे केले. विजेतेपदाचा चषक उंचावलेला संघ आपल्याच माणसाला थांबवू शकत नाही, हा नियम दुबळ्या संघांच्या रक्षणासाठी आहे म्हणतात. असेलही. पण सहा महिन्यांत इंडियानाने त्याला पास्कल सियाकामच्या बदल्यात टोरांटोला दिलं, पुढे तो न्यू ऑर्लिन्सला गेला, आणि २०२५ मध्ये अगदी किमान पगारावर परत डेन्वरला आला. साडेचार कोटी मात्र त्याने पुरते वसूल केले. त्याला कुणी अविचारी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने भांडेन.

कारण या सगळ्यात एक गोष्ट कुणी बोलत नाही. एनबीए खेळाडूचा पगार हा नियमित हंगामाचा असतो. प्लेऑफसाठी लीग एक ठरावीक रक्कम बाजूला काढते आणि ती संघासंघांत, मग खेळाडूंत वाटली जाते. पगाराच्या मानाने ती चिल्लरच. म्हणजे वर्षातलं सर्वात कठीण काम जवळपास फुकट केलं जातं. २०२३ मध्ये व्हिन्सेंटचा पगार १८ लाखांच्या आसपास होता, लीगच्या हिशेबाने तळाशी. त्या पगारात तो अंतिम फेरीत सुरुवातीच्या पाचांत होता. मग उन्हाळ्यात त्याला मिळालेली रक्कम ही भविष्याची किंमत होती, की न दिलेल्या मजुरीची थकबाकी? मला तरी बरीचशी थकबाकीच दिसते. गंमत एवढीच, की ती चुकती करतो भलताच. जेवली मायामी, बिल भरलं लॉस एंजेलिसने.

म्हणून ‘प्लेऑफच्या भरात जास्तीचे पैसे दिले’ ही हळहळ मी संघमालकांच्या तोंडून ऐकतो तेव्हा फार पाझर फुटत नाही. हे गणित शिखरावरच्यांना लागूच होत नाही. केविन ड्युरंटचा २०१९ च्या अंतिम फेरीत टाचेमागचा अकिलीस टेंडन फाटला, पुढचा अख्खा हंगाम तो खेळणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तरी ब्रुकलिनने चार वर्षांचे १६ कोटी ४० लाख दिले. त्याच अंतिम फेरीत क्ले थॉम्प्सनचा गुडघा गेला. गोल्डन स्टेटने पाच वर्षांचे १९ कोटी दिले. त्यांच्यासाठी पगाराची कमाल मर्यादा हाच भाव असतो, एखादी मालिका बिघडली म्हणून कुणी घासाघीस करत नाही. प्लेऑफची टांगती तलवार असते ती मधल्या फळीवर, सहाव्या ते नवव्या क्रमांकाच्या खेळाडूवर. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२३ च्या कामगार करारानंतर सर्वाधिक खर्च करणाऱ्या संघांवर इतकी बंधनं आली, की दोन-तीन ताऱ्यांचे पगार दिल्यावर मधल्यांसाठी उरतं ते थोडंथोडकंच. त्या फळीतल्या माणसाचं आयुष्याचं उत्पन्न एखाद्या मे महिन्यावर ठरू शकतं.

क्रिकेटवाल्यांनी यावर फार नाक वर करू नये. सॅम करनने नोव्हेंबर २०२२ मध्ये टी-२० विश्वचषक गाजवला, डिसेंबरच्या लिलावात पंजाबने त्याला साडेअठरा कोटी रुपये मोजले, तेव्हाचा विक्रम. दोन वर्षांनी चेन्नईने त्याला घेतलं २ कोटी ४० लाखांत. शीत ऑस्ट्रेलियातल्या मैदानावरचं, पातेलं मोहालीचं.

तर शीत ओळखायचं कसं? जेलन ब्रन्सनकडे पाहा. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत, ३३ व्या क्रमांकावर निवडला गेलेला, सहा फुटांच्या आसपासचा गार्ड. २०२१ च्या प्लेऑफमध्ये क्लिपर्ससमोर त्याची सरासरी ८ गुणांवर आली आणि हा मोठ्या सामन्यांचा माणूस नव्हे, असं ठरूनही गेलं. डॅलसला त्याला चार वर्षांच्या साडेपाच कोटींच्या मुदतवाढीत बांधता आलं असतं. त्यांनी वेळ काढली. मग २०२२ च्या पहिल्या फेरीत पोटरीच्या दुखापतीमुळे डॅलसचा तारा लुका डॉन्चिच पहिले तीन सामने बाहेर बसला. त्या तीन सामन्यांत ब्रन्सनचे गुण : २४, ४१, ३१. डॅलसने त्यातले दोन जिंकले. उन्हाळ्यात न्यू यॉर्कने त्याला १० कोटी ४० लाख दिले, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. त्याचे वडील निक्सचे सहायक प्रशिक्षक, निक्सचे अध्यक्ष लिऑन रोझ त्याचे जुने एजंट, आणि वेळेआधी बोलणी केल्याबद्दल लीगने निक्सची ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीची एक निवडही काढून घेतली. वशिल्याचा वास येणारच. आज त्या कराराला कुणी महाग म्हणत नाही. २०२५ मध्ये त्यानेच न्यू यॉर्कला पंचवीस वर्षांनी कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत नेलं.

जेम्स आणि ब्रन्सन, दोघांचंही भांडवल मूठभर सामन्यांचंच. पण ब्रन्सनने त्या तीन सामन्यांत नेमकं तेच काम केलं ज्यासाठी त्याला नोकरी मिळणार होती : दुसरा कुणी तारा नसताना चेंडू हातात घेऊन संघ चालवणं, आणि तेही समोरच्याचं सगळं लक्ष त्याच्यावरच असताना. जेम्सने केलं ते काम, जे करू द्यायला समोरच्यांची हरकत नव्हती. तक्त्यात दोघांच्याही नावासमोर गुणच मांडलेले असतात. हे गुण कुणाच्या गैरहजेरीत झाले, कुणाच्या सावलीत झाले आणि समोर कोण उभं होतं, यासाठी तक्त्यात रकाना नसतो.

हे कळायला सामना पुन्हा पाहावा लागतो, आणि पाहायला वेळ लागतो. एनबीएत तोच मिळत नाही. अंतिम फेरी जूनच्या मध्याला किंवा तिसऱ्या आठवड्यात संपते, बाजार ३० जूनच्या संध्याकाळी उघडतो, आणि मोठे सौदे पहिल्या काही तासांत उरकलेले असतात. २०२४ पासून तर स्वतःच्या खेळाडूंशी अंतिम फेरी संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी बोलणी करायची मुभा आहे. टाळ्यांचा आवाज कानात असतानाच सही करायची. माझ्या हातात असतं तर मी हा बाजार थेट ऑगस्टमध्ये भरवला असता. पण ऑगस्टमध्ये जेरोम जेम्सना कुणी ३ कोटी देणार नाही, हे एजंट मंडळींनाही पक्कं ठाऊक आहे.